दारापासून रोडपर्यंत: फोन केला की येणारी फुकटची बॅटरी रिक्षा कशी चालवावी

माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. लेक जालन्याला दिलेली. मागं एकदा ती आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या घरी ओट्यावर पिशवी टेकवून बसली अन् म्हणाली, "एसटी मला फुकट हाय म्हणतेत. जालन्याला जायला रुपाया लागत नाही. अन् पुंडलिकनगरातून सिडको स्टँडला जायला रिक्षावाला शंभर मागायलाय. हे कसलं फुकट रे बाबा?"

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. किती अपंगांचे, विद्यार्थ्यांचे पास बघितले, किती अर्धी तिकिटं फाडली. तरी या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. सोय झाली ती स्टँडपासून स्टँडपर्यंत. घराच्या दारापासून मोठ्या रोडपर्यंतचा जो तुकडा आहे, तो ना एसटीचा, ना सिटी बसचा.

त्या तुकड्यासाठी आम्ही गल्लीतल्या लोकांनी बॅटरी रिक्षा चालू केली. फोन केला की येते, पैसे घेत नाही. आधी एक होती, आता तीन वस्त्यांत तीन आहेत. दुसऱ्या कॉलन्यांतले लोक विचारायला येतात, तेव्हा दरवेळी तेच तेच सांगून माझा घसा बसतो. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आधी वही

गाडी घ्यायच्या आधी दोनशे पानी वही घ्या. पंधरा दिवस सकाळी सात ते अकरा अन् संध्याकाळी पाच ते आठ गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसा. जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारा, कुठं चाललात, कशानं चाललात, किती दिले. लिहून घ्या. लोक हसतात. माझी बायकोही हसली, म्हणाली रिटायर झालात तरी तिकिटं फाडायची सवय जाईना.

पण त्या वहीनंच आमचे पैसे वाचवले. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी मागितलं होतं घाटी दवाखाना, औरंगपुरा, रेल्वे स्टेशन. वहीत निघालं निराळंच. दहातली सहा-सात माणसं गजानन महाराज मंदिराच्या चौकापर्यंत नाहीतर जालना रोडपर्यंतच जात होती. पुढं त्यांना शेअरिंग रिक्षा किंवा सिटी बस मिळत होती. उरलेले जवळचा दवाखाना, भाजी, रेशन दुकान, पिठाची गिरणी. गुरुवारी मंदिर. म्हणजे लांब जाणारी गाडी नकोच होती, जवळची पाहिजे होती.

वहीवरून गाडीची हद्द ठरवा. हद्द म्हणजे या रेषेच्या आत गाडी फिरणार, बाहेर पाऊल टाकणार नाही. ती छोटीच ठेवा. का, ते हिशेबानं सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे.

ई-रिक्षाचा वेग नियमानंच ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो. गल्लीत स्पीडब्रेकर, भाजीचा गाडा, पाण्याचा टँकर अन् आडवी बसलेली म्हैस धरली की प्रत्यक्षात बारा-तेरा पडतो. हद्द दीड किलोमीटर लांब असेल तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सात मिनिटं. गुडघे दुखणारं माणूस चढवायला-उतरवायला तीन मिनिटं. मग रिकामी परत, पुन्हा सात. म्हणजे तासाला तीन फेऱ्या, फार तर साडेतीन. हद्द तीन किलोमीटरची केली की फेरी अर्ध्या तासाच्या पुढं जाते अन् तासाला दोनसुद्धा पुऱ्या होत नाहीत. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पगार तोच, पण माणसं निम्मी. आणि फोन करून थांबलेल्या माणसाची वाट दुप्पट. फुकटच्या गाडीत माणूस पैसे देत नाही, वेळ देतो. तो वेळ फार मागितला तर ते आपलं चालत जातं नाहीतर वीस रुपये देऊन मोकळं होतं. मग आपली गाडी मंदिरापाशी नुसती उभी.

गाडी आणि कागद

दुकानात दोन तऱ्हा दिसतील. एक ई-रिक्षा: ड्रायव्हर सोडून चार माणसं, चाळीस किलो सामान, वेग पंचवीसच्या आत. दुसरी ई-ऑटो: तीन माणसं, वेग जास्त, किंमतही जास्त. गल्लीतल्या कामाला ई-रिक्षा पुरते. किंमत साधारण दीड-दोन लाखांच्या घरात.

२०१६ पासून ई-रिक्षाला परमिट लागत नाही. हे ऐकलं की आपली माणसं लगेच म्हणतात, चला, काहीच लागत नाही. तसं नाही. आरटीओकडं नोंदणी लागते, फिटनेस लागतं, विमा लागतो. पाटी हिरवी अन् तिच्यावर पिवळी अक्षरं, कारण ती प्रवासी गाडी आहे. ड्रायव्हरला किमान दहा दिवसांचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट अन् ई-रिक्षा चालवायचं लायसन्स पाहिजे. ते तीन वर्षांचं असतं, तारीख भिंतीवर लिहून ठेवा. कोणत्या रस्त्यावर ई-रिक्षाला बंदी आहे, ते आरटीओ आणि ट्रॅफिक पोलिसांना आधीच विचारा. बंदी नसली तरी आमची गाडी जालना रोडवर चढत नाही, बीड बायपासवर तर नाहीच. पंचवीसच्या वेगानं ट्रकच्या पुढं चार म्हातारी माणसं घेऊन जायचं म्हणजे वेडेपणा.

विम्याच्या वेळी एजंटला स्पष्ट सांगा की यात रोज अनोळखी माणसं बसणार. "आम्ही पैसेच घेत नाही, आमची घरचीच गाडी" असं सांगून स्वस्तात पॉलिसी काढू नका. उद्या कुणी पडलं तर त्या वाचवलेल्या चार पैशांचं काय करायचं?

घ्यायच्या आधी गाडीत चार जाडजूड माणसं बसवा अन् चढावर नेऊन बघा. आणि आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चढायला सांगा. मावशीचा पाय पहिल्या गाडीच्या फळीवर पोचला नाही, तिथंच ती गाडी नापास. खाली जादा पायरी अन् धरायला दांडी पाहिजे असेल तर ती डीलरकडूनच, पासिंगच्या आधी लावून घ्या. नंतर वेल्डिंगवाल्याकडं जायचं काम ठेवू नका.

बॅटरीचं दुखणं

पहिल्या वर्षी आम्ही साधी लेड-ॲसिड बॅटरी घेतली, स्वस्त म्हणून. १२ व्होल्टच्या चार जोडून ४८ व्होल्ट होतात. १३० अँपिअर-अवरची असेल तर ४८ गुणिले १३०, म्हणजे ६२४० वॅट-तास. सोप्या भाषेत सव्वासहा युनिट. पण डब्यात सव्वासहा आहेत म्हणून सव्वासहा काढायचे नसतात. अर्ध्याहून थोडी जास्त वापरली की गाडी चार्जिंगला लावायची. रोज तळापर्यंत ओरपली तर ती बॅटरी वर्षभरही टिकत नाही.

अन् पाणी. हे मी स्वतः भोगलंय. पहिला मे महिना, पारा बेचाळीसला. बॅटरीतलं पाणी बघायचं काम कुणाचं, हे ठरलंच नव्हतं. मला वाटलं ड्रायव्हर बघतो, ड्रायव्हरला वाटलं मी बघतो. आत प्लेटा उघड्या पडल्या. एका गुरुवारी ऐन मंदिराच्या गर्दीत गाडी जी बसली ती हलेना. आत चार बाया, हातात नारळाची ताटं. मी अन् एक भेळवाला मिळून ढकलत आणली. त्यातल्या एकीनं वरून विचारलं, "काका, पुढच्या गुरुवारी बैल जुपायलेत का?"

तेव्हापासून सोमवार म्हणजे पाण्याचा दिवस, उन्हाळ्यात सोमवार अन् गुरुवार. फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, बोअरचं तर मुळीच नाही. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे हे गिझरच्या कॉईलवर दिसतंच. ज्यानं पाणी टाकलं त्यानं वहीत सही करायची.

चार्जिंगची जागा मोकळ्या हवेची पाहिजे. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो बंद खोलीत साठला अन् ठिणगी पडली की संपलं. जिन्याखाली, देवघराशेजारी, झोपायच्या खोलीत लावू नका. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट अन् नीट अर्थिंग पाहिजे, एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच नको. महावितरणचा गाड्यांच्या चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्याची चौकशी करून मीटर घ्या. मंदिराच्या नाहीतर शाळेच्या मीटरवर ओढू नका, पुढं भांडणं होतात. गाडी उन्हातून आली की अर्धा तास सावलीत थंड होऊ द्यायची, मग पिन लावायची.

दुसऱ्या गाडीला लिथियम घेतली. महाग आहे, पण पाण्याचं झंझट नाही अन् तीन-चार तासांत भरते. सकाळची पाळी झाली की दुपारी लावली, संध्याकाळला तयार. आज कुणी विचारलं तर मी म्हणतो दोन महिने उशिरा चालू करा, पण लिथियम घ्या.

फोन कुणी उचलायचा

ड्रायव्हरच्या हातात फोन द्यायचा नाही. एक तर गाडी चालवताना बोलणं बरं नाही, दुसरं म्हणजे ड्रायव्हर ओळखीच्याला आधी नेतो. माणूस आहे, तसं होणारच.

आमच्याकडं रेखाताई फोन घेतात. घरी शिलाई मशीन चालवतात, फोन शेजारी, वही शेजारी. त्यांना महिन्याला मानधन आहे आणि ते ड्रायव्हरच्या पगाराइतकंच वेळेवर देतो, कारण त्या एक दिवस गावाला गेल्या होत्या अन् त्या दिवशी गाडीचा जो भोपळा झाला तो मी बघितलाय. ॲप वगैरे करायला एक पोरगा आला होता. मी त्याला म्हटलं, आमच्या सवारीला चष्मा लावून नंबरसुद्धा नीट दाबता येत नाही. पोरीसोरी व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकतात, ते चालतं. पण मुख्य म्हणजे साधा फोन.

रेखाताई चारच गोष्टी विचारतात: कुठं उभे, कुठं जायचं, किती जण, अन् कुणाला चालायचा त्रास आहे का. पत्ता विचारत बसत नाहीत. "तिसरी गल्ली, निळं गेट, वर टाकी" असल्या पत्त्यात पाच मिनिटं जातात. आम्ही हद्दीत चोवीस ठिकाणं ठरवली: गिरणी, मेडिकल, पाण्याची टाकी, दूध डेअरी. दुकानदाराला विचारून शटरच्या कडेला रंगानं आकडा टाकला. विजेच्या खांबावर टाकू नका, तो खांब आपला नाही. आता बाया फोनवर नुसतं "सात नंबर, रोडपर्यंत, दोघी" म्हणतात. कुठल्याही घरापासून ठिकाण शंभर-सव्वाशे पावलांवर. काठीवालं माणूस, पोटुशी बाई, ऑपरेशन झालेला असेल तर मात्र गाडी दारात जाते.

वेळ सांगताना खोटं बोलायचं नाही. "आलेच, पाच मिनिटांत" हे वाक्य आमच्याकडं बंद आहे. पंधरा लागणार असतील तर वीस सांगायचे. माणूस घरात पंख्याखाली बसून वीस मिनिटं आनंदात काढतो, रस्त्यावर उन्हात आठ काढत नाही.

एका फोनवर लगेच गाडी पळवायची नाही. तीन-चार मिनिटं थांबलं तर त्याच बाजूचा दुसरा फोन येतो अन् एका फेरीत दोन कामं होतात. पण एक नियम मोडायचा नाही: बसलेल्या माणसाला उलटं न्यायचं नाही. रोडकडं निघालेली मावशी गाडीत असताना कुणाला घ्यायला मागं वळलात की तिला वाटतं आपल्याला उचलून नेलं. वाटेतलं घ्या, थोडं वाकडं घ्या, पण मागं नाही. सांगितलेल्या ठिकाणी माणूस नसेल तर दोन मिनिटं थांबायचं अन् मग डबल बेल. कुणी तीनदा फोन करून उभं राहिलं नाही तर आठवडाभर त्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

आता वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीचा हिशेब लिहायचा कागद. एसटीत कंडक्टरनं वेबिल लिहिलं नाही तर डेपोत कॅश भरून घेत नसत. इथं कॅश नाही, पण वेबिल आहेच. फोन कधी आला अन् माणूस गाडीत कधी बसलं, या दोन वेळा लिहायच्या. त्यांच्यातलं अंतर हीच आपली कमाई. रात्री दहा फोन घेऊन चढत्या क्रमानं मांडा. एका दिवसाचे आमचे असे होते: ४, ६, ७, ९, १०, १२, १३, १५, २१, ४४ मिनिटं. सरासरी काढली तर चौदा येते. मंडळाचे अध्यक्ष खूश झाले. मी म्हटलं, ती चव्वेचाळीसवाली कोण? ती बाई आता गल्लीभर काय सांगत असेल? मी सरासरी बघत नाही, शेवटचे दोन आकडे बघतो. ते दोन्ही वीसच्या आत असले की दिवस चांगला.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. पन्नास किलोचं गव्हाचं पोतं नाही, कारण चाळीस किलोचीच मुभा आहे. दोन खेपा करा. गॅसची टाकी नाही. शाळेची पोरं रोजच्या रोज नाहीत, त्याला २०११ चे स्कूल बसचे नियम आहेत, ते वेगळं काम. आणि छातीत दुखायलंय, बाळंतकळा चालू झाल्यात असा फोन आला तर रेखाताई आधी १०८ लावायला सांगतात. एकदा ड्रायव्हर भावनेच्या भरात म्हणाला, मी नेतो घाटीपर्यंत. पंचवीसच्या वेगानं? मी त्याला त्या दिवशी रागावलो, संध्याकाळी चहा पाजला.

रिक्षावाले

हा विषय टाळून पुढं जाऊ नका. फुकटची गाडी आली की चौकातल्या रिक्षावाल्याच्या पोटात गोळा येतो, अन् त्याचं बरोबर आहे. त्याचा हप्ता चालू असतो. आम्ही गाडी रस्त्यावर आणायच्या आधी चौकातल्या टपरीवर त्यांच्यासोबत बसलो. चहाचे पैसे आम्ही दिले. पहिला अर्धा तास नुसत्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी ठरलं ते असं. आमची गाडी जालना रोड ओलांडणार नाही. प्रवाशाला त्यांच्या स्टॉपपाशीच उतरवणार. जो त्यांच्याशी बोलायला लागलाय त्याला आम्ही हाक मारणार नाही. रात्री आठनंतर गाडी बंद. आणि आमचा ड्रायव्हर त्यांच्यातलाच: शेख चाचा. पंचवीस वर्षं ऑटो चालवली, आता कंबरेमुळं लांबचं झेपत नव्हतं. महिनाभरानं रिक्षावाल्यांच्या लक्षात आलं की जी म्हातारी माणसं घरातून निघतच नव्हती ती आता चौकात येतात अन् पुढं त्यांच्याच रिक्षात बसतात. आता कुणाचा गुडघा दुखत असला तर तेच रेखाताईंचा नंबर देतात. सगळेच खूश आहेत असं म्हणणार नाही. दोघं-तिघं अजून आमच्याकडं बघून पान थुंकतात.

पैसे

माझा भाचा अमेरिकेत आहे. तो सांगतो, तिकडं सॅन दिएगो शहराच्या मध्यभागात २०१६ पासून अशाच छोट्या बॅटरीच्या गाड्या फुकट फिरवल्या, 'फ्रेड' म्हणून. पैसा पार्किंगच्या उत्पन्नातून अन् गाडीवरच्या जाहिरातींतून. मी त्याला म्हटलं, बाबा, आमच्याकडं गुलमंडीवर पार्किंगची जागा सापडली तर माणूस देवाला नारळ फोडतो, पैसे कुठले?

आमचा खर्च असा: सगळ्यात मोठा ड्रायव्हरचा पगार, मग रेखाताईंचं मानधन, मग वीज, विमा, टायर. अन् दर महिन्याला थोडे बाजूला टाकायचे नव्या बॅटरीसाठी. हे शेवटचं सगळे विसरतात. लेड-ॲसिडचा संच दीड वर्षात मागं लागतो अन् चाळीस हजारांच्या आसपासचा खड्डा पाडतो. खूप ठिकाणी गाडी तिथंच कायमची थांबते, मग तिच्यावर कोंबड्या बसतात.

पैसे आले गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्यातून, तीन मेडिकल अन् एका क्लासच्या पाठीमागच्या जाहिरातीतून (आरटीओला विचारून लावा), आणि महिन्याला शंभर-दोनशे देणाऱ्या घरांतून. गाडी अन् बँकेचं खातं धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या मंडळाच्या नावावर ठेवा, एका माणसाच्या नावावर नको. माझ्यासुद्धा नाही. गाडीत दानपेटी ठेवू नका. पेटी ठेवली की माणूस ओशाळून दहा रुपये टाकतो, ज्याच्याकडं नाहीत तो दुसऱ्या दिवशी फोन करत नाही, आणि आरटीओच्या माणसाला ते भाडंच दिसतं. नेत्याचा फोटोही नको. एकजण पूर्ण गाडी द्यायला तयार होता, फोटोच्या बदल्यात. निवडणूक लागली की आचारसंहितेत गाडी ताडपत्री टाकून ठेवायची का, असं विचारलं. तो विषय मिटला.

दुसरी वस्ती

पहिली गाडी चार महिने नीट चालली की शेजारची कॉलनी येते. "आमच्याकडं एक चक्कर टाकत जा की." मीही भुललो. सूतगिरणी चौकापर्यंत हद्द वाढवली, त्याच एका गाडीवर. नकाशावर बोटभर अंतर. चौथ्या दिवशी हनुमाननगरच्या टाकीपाशी एक बाई पन्नास मिनिटं उभी. एप्रिल महिना, कडेवर पोरगं. मी वेबिल बघून त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, पाणी दिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी हद्द परत होती तिथं आणली अन् सूतगिरणीच्या लोकांचं तोंडभरून ऐकून घेतलं.

गाडी ताणून वस्ती वाढवायची नाही. नव्या वस्तीला तिची स्वतःची हद्द अन् स्वतःची गाडी. फोन मात्र एकच, नाहीतर लोकांचा गोंधळ होतो. दोन हद्दी एका ठिकाणी टेकल्या पाहिजेत; आमच्या मंदिराच्या चौकात टेकतात. इकडून तिकडं जाणारं माणूस तिथं गाडी बदलतं अन् रेखाताई दुसऱ्या चाचाला थांबवून ठेवतात. पाच मिनिटांच्या वर कुणाला चौकात उभं ठेवायचं नाही.

पहिली हद्द तयार झाली की नाही हे कसं ओळखायचं? सलग चार आठवडे दहातले शेवटचे दोन आकडे वीसच्या आत असले तर पुढं जा. एक आठवडा चुकला की पुन्हा एकपासून मोजायचं. नव्या ठिकाणी पहिला महिना फक्त सकाळची पाळी. फ्लेक्स लावायचा नाही, उद्घाटन नाही. फ्लेक्स लावला की पहिल्याच दिवशी शंभर फोन येतात, त्यातले ऐंशी नुसते बघायला.

दरवेळी गाडी विकतच घ्यावी असं नाही. राज्य सरकारच्या, बायांसाठीच्या पिंक ई-रिक्षा योजनेत आपलं शहर आहे. त्यात २० टक्के अनुदान सरकारचं, ७० टक्के कर्ज बँकेचं, १० टक्के त्या बाईचे स्वतःचे. गाडी तिच्या पोटापाण्यासाठी आहे, ती फुकट मागायची नाही. तिसऱ्या हद्दीत, जवाहर कॉलनी ते त्रिमूर्ती चौक, आम्ही अशा एका ताईंचे सकाळचे तीन तास महिन्याच्या ठरलेल्या रकमेला घेतो. योजनेच्या अटी अन् विमा त्यांनी आणि आम्ही मिळून वाचला, कागद केला. बाकीचा दिवस त्या आपल्या भाड्याला मोकळ्या. आम्हाला बॅटरीची चिंता नाही, त्यांना सकाळी सवारी शोधायची चिंता नाही. आधीच सुचलं असतं तर दुसरी गाडी घेतलीच नसती.

मागच्या महिन्यात देवळाईकडचे दोघं आले होते. चांगले लोक, पैसेही जमवलेले, ड्रायव्हरही ठरवलेला. म्हणाले, काका, तुमची एक गाडी आमच्याकडं सकाळी दोन तास द्या, सुरुवात तर होऊ द्या. मी आत गेलो अन् दोनशे पानी कोरी वही आणून दिली. पंधरा दिवस चौकात बसा, भरून आणा, मग बोलू म्हटलं. आज सोळावा दिवस आहे. दुपारी त्यांच्यातल्या एकाचा फोन आला होता, वही संपली, दुसरी घेऊ का म्हणून विचारत होता.